मागच्या पगाराची बेडी

गेल्या महिन्यात एका जुन्या विद्यार्थिनीचा रात्री उशिरा फोन आला. गुरुग्राममधील एका मोठ्या कंपनीत तिच्या मुलाखतीच्या तिन्ही फेऱ्या उत्तम झाल्या होत्या. त्यानंतर मनुष्यबळ विभागाने विचारणा केली : सध्याचे ‘सीटीसी’ किती? गेल्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणि बँकेचे विवरण पाठवा. तिने ते पाठवले. दुसऱ्या दिवशी निरोप आला की, कंपनीच्या धोरणानुसार मागच्या पगारावर कमाल ३० टक्के वाढ देता येते. तेव्हा ७ लाख ८० हजारांवरून १० लाख १४ हजार. त्याच पदावर चार महिन्यांपूर्वी रुजू झालेल्या, तिच्याइतकाच अनुभव असलेल्या एका तरुणाला १४ लाख मिळतात, हे तिला तिथल्याच एका मैत्रिणीकडून कळले होते. ‘‘सर, मी किती मागू? आणि मागितले म्हणून देऊ केलेली नोकरी ते काढून तर घेणार नाहीत ना?’’

मला लगेच उत्तर देता आले नाही, कारण टेबलाच्या पलीकडच्या बाजूला मीही बसलेलो आहे. पंधराएक वर्षांपूर्वी दिल्लीतील एका संशोधन संस्थेच्या निवड समितीवर मी होतो. एकाच पदाच्या दोन जागांसाठी आम्ही एक पुरुष आणि एक स्त्री असे दोन उमेदवार निवडले. दोघांची पात्रता सारखी, अनुभवाची वर्षेही सारखी. तिची आधीची नोकरी एका लहान स्वयंसेवी संस्थेतील असल्याने तिचा पगार त्याच्या निम्म्याहून किंचित अधिक होता. आम्ही दोघांनाही मागच्या पगारावर २५ टक्के वाढ देऊ केली आणि इतिवृत्तात ‘दोन्ही उमेदवारांना समान निकष’ असे नोंदवले. त्या इतिवृत्ताखाली माझी सही आहे. पुढे ते दोघे एकाच खोलीत बसून एकाच अहवालावर काम करत होते. संस्थेचे पैसे वाचवल्याचे समाधान त्या दिवशी आम्हा सर्वांना झाले होते, हेही मला आठवते.

नोकरी बदलताना पगाराची वाटाघाट कशी करावी, हा आपल्याकडे वैयक्तिक कौशल्याचा विषय मानला जातो. आत्मविश्वासाने बोला, आकडा आधी तुम्ही सांगू नका, दुसऱ्या कंपनीचे नियुक्तिपत्र हाताशी ठेवा, असे सल्ले विपुल मिळतात आणि ते अगदीच निरुपयोगी नाहीत. परंतु या वाटाघाटीत एका पक्षाला दोन्ही बाजूंचे सगळे आकडे ठाऊक असतात आणि दुसऱ्याला फक्त स्वतःचा. ही विषमता संभाषणचातुर्याने भरून निघत नाही. ती नियमांमुळे, किंबहुना नियमांच्या अभावामुळे, निर्माण झालेली आहे. म्हणून तिचा विचार धोरणाचा प्रश्न म्हणून व्हायला हवा, असे माझे म्हणणे आहे.

आधी ही पद्धत चालते कशी, ते पाहू. एखाद्या पदासाठी कंपनीने अंदाजपत्रकात एक पट्टा ठरवलेला असतो, म्हणजे किमान इतके आणि कमाल इतके. उमेदवाराला तो सांगितला जात नाही. उलट त्याच्याकडून पगाराच्या स्लिपा, ‘फॉर्म १६’, बँकेचे विवरण मागवले जाते आणि देऊ करायची रक्कम मागच्या पगारावर वीस-तीस टक्के चढवून ठरवली जाते. पदाची किंमत काय, हा मूळ प्रश्न त्यामुळे बाजूला पडतो आणि ‘तुम्ही आजवर कितीत काम केलेत’ हा प्रश्न त्याची जागा घेतो. समजा, दोघांची सुरुवात अनुक्रमे ४ आणि ६ लाखांवर झाली आणि दोघांनीही प्रत्येकी ३० टक्के वाढीवर तीनदा नोकरी बदलली. पहिल्याचा पगार सुमारे ८ लाख ८० हजार होईल, दुसऱ्याचा १३ लाख १८ हजार. दोन लाखांचे अंतर जवळपास ४ लाख ४० हजारांवर जाईल आणि या प्रवासात कोणीही कोणावर उघड अन्याय केलेला नसेल. प्रत्येक मनुष्यबळ अधिकारी ‘समान निकष’ लावल्याचे प्रामाणिकपणे सांगू शकेल.

पहिल्या पगाराचा पाया कमी कोणाचा असतो? माझ्या विद्यार्थिनीने २०२० मध्ये, महासाथीच्या ऐन भरात पदवी घेतली आणि मिळेल ती नोकरी मिळेल त्या पगारावर धरली. देशातील मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्या नवपदवीधर अभियंत्यांना देत असलेला वार्षिक पगार तर दशकभराहून अधिक काळ साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळत राहिला आहे. लहान गावातून आलेले, कमी नावाजलेल्या महाविद्यालयात शिकलेले, बाळंतपणासाठी दोन-तीन वर्षे नोकरीबाहेर राहिलेल्या, स्वयंसेवी संस्थांतून आलेले, या साऱ्यांचा पाया खालचा असतो. अश्विनी देशपांडे आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्लीतील विद्यापीठांमधील विद्यार्थ्यांचा अभ्यास करून २००७ मध्ये असे दाखवले की, शिक्षण सारखे असूनही दलित विद्यार्थ्यांच्या भावी नोकरीविषयीच्या अपेक्षा इतरांपेक्षा कमी होत्या. बाजार आपल्याला कसा वागवणार आहे, याचा अंदाज त्यांनी आधीच बांधलेला होता. ‘अपेक्षित पगार’ या रकान्यात लिहिलेला आकडा पूर्णपणे वैयक्तिक नसतो. त्यात घर, जात आणि शाळा यांचाही हात असतो.

‘मग मागा ना जास्त!’ असे म्हणणे सोपे आहे. स्त्रिया मागत नाहीत म्हणून त्यांना मिळत नाही, असा एक सिद्धांत या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत लोकप्रिय झाला होता. त्याच परंपरेतील संशोधक हॅना रायली बाउल्स, लिंडा बॅबकॉक आणि लेई लाय यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून त्याची दुसरी बाजू समोर आली. पगारासाठी वाटाघाट करणाऱ्या स्त्रीसोबत काम करण्यास मूल्यमापन करणारे जितके नाखूश झाले, तितके ते पुरुषाच्या बाबतीत झाले नाहीत. म्हणजे न मागण्यामागे भित्रेपणा असतोच असे नाही. कित्येकदा तो परिस्थितीचा अचूक अंदाज असतो. ‘काढून तर घेणार नाहीत ना?’ हा माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न त्या अर्थाने अगदी शहाणपणाचा होता.

आता माहितीच्या विषमतेकडे वळू. याच देशात सरकारी नोकराचा पगार कोणालाही पाहता येतो. सातव्या वेतन आयोगाचा तक्ता जाहीर आहे : पहिल्या स्तराची सुरुवात १८ हजार रुपयांपासून, दहाव्याची ५६ हजार १०० पासून, अठराव्या स्तराला अडीच लाख. आता न्या. रंजना देसाई यांच्या अध्यक्षतेखाली आठवा आयोग नेमला गेला आहे; कर्मचारी संघटना त्याच्यापुढे आपली मागणी उघडपणे मांडतील आणि वृत्तपत्रे त्यावर चर्चा करतील. हीदेखील पगाराची वाटाघाटच आहे. फक्त ती सामूहिक आणि उजेडात होणारी आहे. खासगी क्षेत्रातही वरच्या मजल्यावर उजेड आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १९७ आणि त्याखालील नियमांनुसार सूचिबद्ध कंपन्यांना प्रत्येक संचालकाच्या मोबदल्याचे कर्मचाऱ्यांच्या मध्यक पगाराशी असलेले गुणोत्तर जाहीर करावे लागते. ‘सेबी’ने पहिल्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून बंधनकारक केलेल्या शाश्वतता अहवालात स्त्री आणि पुरुष कर्मचाऱ्यांचा मध्यक पगार वेगवेगळा द्यावा लागतो. कंपनी आपल्या लोकांना काय देते, हे जाणून घेण्याचा भागधारकाचा अधिकार आपण मान्य केला आहे. त्या कंपनीत आपले श्रम विकायला निघालेल्या उमेदवाराचा तो अधिकार मात्र अद्याप मान्य केलेला नाही.

कायदा काय म्हणतो? राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९ (घ) मध्ये स्त्री-पुरुषांना समान कामासाठी समान वेतनाचे तत्त्व आहे. त्याला १९७६ च्या समान मोबदला कायद्याने धार दिली आणि त्या कायद्याची एक महत्त्वाची कसोटी मुंबईत लागली. मॅकिनन मॅकेन्झी या कंपनीतील ऑड्री डिकॉस्टा यांनी स्त्री लघुलेखकांना पुरुषांपेक्षा कमी पगार दिला जात असल्याची तक्रार केली. कामगार संघटनेशी झालेल्या करारानुसारच हे पगार ठरले आहेत, असा कंपनीचा एक बचाव होता. समान वेतन देणे परवडणार नाही, असेही म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये दोन्ही बचाव फेटाळले. काम सारखे असेल, तर पगार कोणत्या प्रक्रियेतून ठरला हे सांगून सुटका होत नाही, असा त्या निकालाचा अर्थ मी लावतो. मागच्या पगाराच्या निकषाला तो लावून पाहण्याची वेळ आता आली आहे.

हा १९७६ चा कायदा आता वेतन संहिता, २०१९ मध्ये विलीन झाला असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्या कलम ३ मध्ये समान किंवा समान स्वरूपाच्या कामासाठी वेतनात लिंगाधारित भेदभावाला मनाई आहे आणि भरतीच्या वेळच्या सेवाशर्तींनाही ती लागू होते. परंतु मागचा पगार विचारण्यावर संहितेत बंधन नाही, पदाचा पगारपट्टा जाहीर करण्याची सक्ती नाही आणि जात वा धर्म यांचा वेतनभेदाच्या संदर्भात उल्लेखही नाही. भेदभाव झाला हे सिद्ध करायचे, तर दुसऱ्याचा पगार ठाऊक हवा. आणि तो सांगू नये असे कलम कित्येक नियुक्तिपत्रांत असते. अधिकार दिला, पण तो बजावण्यासाठी लागणारा पुरावा कुलूपबंदच राहिला.

अमेरिकेतील एक खटला या संदर्भात उद्‌बोधक आहे. कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो परगण्याच्या शिक्षण कार्यालयात गणिताच्या सल्लागार असलेल्या आयलीन रिझो यांचा पगार ‘मागचा पगार अधिक पाच टक्के’ या सूत्राने ठरला होता. नव्याने आलेला पुरुष सहकारी अधिक पगारावर रुजू झाल्याचे त्यांना एकदा जेवणाच्या वेळी गप्पांतून समजले. खटला वर्षानुवर्षे चालला. अखेर २०२० मध्ये नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने सांगितले की, मागचा पगार हा कामाशी संबंधित घटक नाही. त्यामुळे वेतनातील फरकाचे समर्थन त्याच्या आधारे करता येणार नाही. त्याआधीच मॅसॅच्युसेट्सने २०१६ मध्ये कायदा करून नोकरी देऊ करण्यापूर्वी मागचा पगार विचारण्यास मनाई केली होती. कोलोरॅडोने २०२१ पासून जाहिरातीत पगारपट्टा देणे सक्तीचे केले. युरोपीय संघाच्या २०२३ च्या निर्देशात या दोन्ही तरतुदी आहेत आणि कर्मचाऱ्याला आपला पगार इतरांना सांगण्यापासून रोखता येणार नाही, असेही म्हटले आहे. सदस्य देशांना त्यानुसार कायदे करण्यासाठी ७ जून २०२६ ही मुदत देण्यात आली.

या उपायांचे परिणाम सरसकट सुखद आहेत, असा दावा मी करणार नाही. मागचा पगार विचारण्यास बंदी घातलेल्या अमेरिकी राज्यांत नोकरी बदलणाऱ्यांचे पगार वाढले, आणि स्त्रिया व कृष्णवर्णीय यांचे अधिक वाढले, असे एका अभ्यासात दिसले. डेन्मार्कमध्ये मात्र स्त्री-पुरुषांच्या पगाराची आकडेवारी देणे कंपन्यांना सक्तीचे केल्यावर दरी कमी झाली ती मुख्यतः पुरुषांच्या पगारवाढीचा वेग मंदावल्यामुळे. शिवाय पट्टा जाहीर करा म्हटले की ‘पाच ते पंचवीस लाख’ अशी अर्थहीन जाहिरात देण्याची पळवाट असतेच. म्हणून पट्ट्याची रुंदी मर्यादित ठेवणे आणि तपासणीची यंत्रणा असणे आवश्यक ठरते.

आपल्याकडच्या दोन आक्षेपांना उत्तर दिले पाहिजे. पहिला असा की, ही मूठभरांची चिंता आहे. देशातील कमावत्या हातांपैकी नियमित पगारदार जेमतेम २२ टक्के आहेत आणि २०२३-२४ च्या नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार बिगरशेती क्षेत्रातील अशा पगारदारांपैकीही सुमारे ५८ टक्क्यांकडे नोकरीचा लेखी करार नाही. ज्याला नियुक्तिपत्रच मिळत नाही, तो कसली वाटाघाट करणार? आक्षेप खरा आहे. पण त्यातून निष्कर्ष उलटा निघतो. जिथे एकेकट्याची सौदाशक्ती इतकी क्षीण आहे, तिथे जाहीर आकडा हाच दुबळ्याचा आधार असतो. किमान वेतनाचा दर फलकावर लावण्याची सक्ती आपण याच कारणासाठी करत आलो. नव्या श्रमसंहितांनी नियुक्तिपत्र बंधनकारक केले आहे. त्यात पदाचा पगारपट्टा नमूद करणे ही पुढची स्वाभाविक पायरी ठरेल.

दुसरा आक्षेप उद्योगांचा. उमेदवार पगार फुगवून सांगतात, तीन-तीन महिन्यांच्या सूचना-कालावधीत एका कंपनीचे पत्र दाखवून दुसरीकडून अधिक पैसे काढतात. म्हणून स्लिपा मागाव्या लागतात. हे घडते, यात शंका नाही. पण मागच्या पगारावरच पुढचा ठरणार असेल, तर तो फुगवण्याचा मोह आपणच निर्माण करत असतो. पत्रे दाखवत फिरणे हेही माहितीच्या दुष्काळाचेच फळ आहे : आपली किंमत जाणून घेण्याचा दुसरा मार्ग उमेदवाराला ठेवलेलाच नाही. आणि कंपन्यांना परवडत नाही, हे म्हणणे तर सरकारच्याच आकडेवारीशी जुळत नाही. २०२४-२५ च्या आर्थिक पाहणी अहवालानुसार २०२३-२४ मध्ये मोठ्या सूचिबद्ध कंपन्यांचा नफा २२.३ टक्क्यांनी वाढला, तर रोजगार अवघा दीड टक्का. नफ्याच्या तुलनेत वेतन मागे राहिल्यास मागणीच आटेल, असा इशारा त्याच अहवालात आहे.

तेव्हा करायचे काय? श्रम हा समवर्ती सूचीतील विषय असल्याने दिल्लीची वाट न पाहता राज्यांना पुढाकार घेता येईल. अमेरिकेतही सुरुवात राज्यांनीच केली. कर्नाटक, महाराष्ट्र, तेलंगणा, हरियाणा या राज्यांत पगारदार नोकऱ्यांची मोठी केंद्रे आहेत. त्यांनी सूचिबद्ध कंपन्यांपासून प्रारंभ करून तीन नियम करावेत. नोकरी देऊ करण्यापूर्वी मागचा पगार विचारू नये. जाहिरातीत पगारपट्टा द्यावा. सहकाऱ्याला आपला पगार सांगण्यास मनाई करणारे कलम निरर्थक मानावे. केंद्राच्या हाती आणखी एक साधन आहे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ नुसार संमतीने घेतलेली माहितीही विहित प्रयोजनासाठी आवश्यक तेवढीच वापरता येते. रोजगाराच्या प्रयोजनासाठी त्या कायद्यात सवलत आहे. परंतु जो अजून कर्मचारीच झालेला नाही, त्याच्या बँक खात्याचे विवरण पदाची किंमत ठरवण्यासाठी ‘आवश्यक’ कसे ठरते, याचा खुलासा सरकारने करायला हवा.

माझ्या विद्यार्थिनीला अर्थातच कायदा बदलेपर्यंत थांबता येणार नव्हते. मी तिला एवढेच सुचवले की, मागच्या पगारावर बोलू नकोस, पदावर बोल. या पदासाठी निश्चित केलेला पट्टा काय, तो ईमेलवर लेखी विचार. ‘सीटीसी’चा एकूण आकडा पाहू नकोस, निश्चित किती, कामगिरीवर अवलंबून किती, मालकाचा भविष्य निर्वाह निधीचा वाटा आणि ग्रॅच्युइटी त्यातच धरली आहे का, याची फोड माग. नव्या संहितेनुसार भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले, तर वरची रक्कम वेतनातच धरली जाते. त्यामुळे ग्रॅच्युइटीचा हिशेब बदलतो; आणि भविष्य निर्वाह निधी १५ हजारांच्या मर्यादेपुरता न कापता पूर्ण वेतनावर कापला जात असेल, तर दरमहा हाती येणारी रक्कमही बदलते. आकडा सांगावाच लागला, तर १४ सांग आणि कारण म्हणून स्वतःच्या गरजा न सांगता कामाची जबाबदारी सांग.

तिने तसे केले. पट्टा ‘गोपनीय’ असल्याचे उत्तर आले, पण दोन दिवसांनी ‘विशेष बाब’ म्हणून ११ लाख ७५ हजार देऊ केले गेले. धाकट्या भावाचे शिक्षण तिच्या पगारावर चालू आहे. तिने ते स्वीकारले. बाजूच्या टेबलावरच्या सहकाऱ्याहून ती सव्वादोन लाखांनी मागे राहील आणि पुढच्या नोकरीत हेच अंतर सोबत घेऊन जाईल.

परवा तिने नियुक्तिपत्र वाचून पुन्हा फोन केला. आपल्या मोबदल्याविषयी कोणाशीही चर्चा करू नये, केल्यास शिस्तभंगाची कारवाई होईल, असे कलम त्यात आहे. ‘‘सर, तुम्हाला सांगितले, हेसुद्धा त्यात बसते का?’’ तिने विचारले. तिच्या परवानगीने आणि कंपनीचे नाव गाळून मी हे लिहितो आहे. पंधरा वर्षांपूर्वी ज्या उमेदवाराच्या पत्रावर आम्ही सही केली, तिने हा प्रश्न आम्हाला कधीच विचारला नाही. तिच्या पत्रातही असेच कलम होते.